गुलाबआप्पांची लाईट ड्यूटी

आमच्या इमारतीत कुठल्याही वस्तूला निवृत्त व्हायची परवानगी नाही. वस्तू जुनी होऊ शकते, गळू शकते, मोडू शकते. पण भंगारवाल्याच्या गाड्यापर्यंत ती पोचू शकत नाही. कारण फाटकाच्या तोंडालाच तळमजल्यावर गुलाबआप्पा राहतात, आणि त्यांचं दार सदा उघडं असतं.

पहिल्या मजल्यावरचा एक प्रेशर कुकर झाकण बसेनासं झालं म्हणून घराबाहेर पडला, तो आज जिन्याखाली कोरफड सांभाळतो. एका स्कूटरची सीट वॉचमनची बैठक झाली आहे. स्कूटर कुणाची होती हे आता कुणाला आठवतही नाही. आमच्या ह्यांच्या छत्रीचं कापड गेलं, तर तिचा सांगाडा पार्किंगमध्ये उलटा टांगला गेला आणि त्यावर आप्पांचे मोजे वाळू लागले. हे रोज येता-जाता त्या छत्रीकडे बघतात आणि मान दुसरीकडे वळवतात.

कुणी विचारलंच की कशाला हा पसारा, तर आप्पांचं उत्तर ठरलेलं. "रिटायर झालंय, मेलंय का? लाईट ड्यूटी द्यायची."

आप्पा फौजेत होते. तिथे जवान आजारातून उठला की त्याला लगेच पाठीवर ओझं देऊन पळायला लावत नाहीत. काही दिवस बसून करायची हलकी कामं देतात, त्याला म्हणतात लाईट ड्यूटी. फौजेतून आप्पा पेन्शन घेऊन आले आणि सोबत हा एक शब्द घेऊन आले. पेन्शन ते जपून वापरतात. शब्द मात्र सगळ्या जगाला वाटत सुटले आहेत.

मलाही त्यांनी सोडलं नाही. मी शाळेतून निवृत्त झाले, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा दारात हजर. "बाई, गच्चीवरची टाकी तुमच्या खिडकीतनं दिसती. भरून वाहाय लागली की वरडायचं. लाईट ड्यूटी." आयुष्यभर वर्गावर ओरडले, आता पाण्याच्या मोटारीवर ओरडते. गंमत म्हणजे, त्या सकाळी मला बरं वाटलं होतं. हे मी आप्पांना कधी सांगितलं नाही, नाहीतर त्यांनी आणखी दोन टाक्या माझ्या गळ्यात बांधल्या असत्या.

आप्पांच्या मिशा पांढऱ्या, अंगात कायम बाह्यांची बनियन, खाली खाकी अर्धी चड्डी. माणसांशी ते मराठीत बोलतात आणि यंत्रांशी हिंदीत. मिक्सर अडला की त्याच्यासमोर ताठ उभं राहून "चलो, आगे बढो!" म्हणतात. कारण विचारलं तर म्हणाले, "मशिनीला हुकूम हिंदीतच कळतोय, बाई. मराठीत सांगितलं की ती लाडात येती."

तर अशा माणसाच्या दारावरून मी माझा जुना कॉम्प्युटर भंगारात न्यायला निघाले होते. माझंच चुकलं.

हा कॉम्प्युटर आमच्या मुलाने कॉलेजात असताना घेतलेला. मुलगा बंगळूरला गेला, कॉम्प्युटर आमच्याकडे राहिला. त्याचा डबा केवढा थोरला, आणि वेग असा की मी बटण दाबून कुकर लावायला जायची, आणि कुकर निवेपर्यंत पडद्यावर चित्र यायचं. फलटणच्या ज्या कडेला आम्ही राहतो तिथे गाव संपून ऊस सुरू होतो, आणि भंगारवाला आठवड्यातून एकदाच इतक्या लांब येतो. त्या दिवशी त्याची हाक ऐकून मी डबा उचलला आणि जिना उतरले.

"आवं बाई, ह्यो कुठं निघाला?"

"भंगारात."

"चालतोय न्हवं?"

"चालतो म्हणजे रांगतो, आप्पा."

"मग रांगू द्या की. रांगणाऱ्याला कुणी घराबाहेर काढतं व्हय?"

एवढं बोलून त्यांनी मागे वळून आतल्या खोलीकडे पाहिलं. मग मी डबा त्यांच्या हातात दिला.

आतल्या खोलीत आप्पांचे थोरले भाऊ होते, रंगरावदादा. गावाकडचं सगळं रान दादांनीच केलं. आप्पा फौजेत हिंडत होते तेव्हा दादा उसात होते. गेल्या थंडीत उसाला पाणी देता देता त्यांना लकवा मारला आणि उजवं अंग गेलं. वहिनी आधीच गेलेल्या, मुलं पुण्यात नोकरीला. आप्पांनी लग्नच केलं नव्हतं. त्यांनी कुणाला विचारलं नाही, गावी जाऊन भावाला उचलून इथे घेऊन आले.

दादांची जीभ जड झाली होती, पण गेली नव्हती. डॉक्टर म्हणाले होते, यांना बोलता येईल, बोललं पाहिजे. दादा बोलत नव्हते. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे. आप्पा मऊ भात कालवून भरवायचे, त्यातले चार घास पोटात जायचे, पुढे पुढे दोनच. डॉक्टरांनी आप्पांना बाजूला घेऊन सांगितलं होतं की गोळ्या मी देईन, जगायची इच्छा मला देता येणार नाही. ते ऐकून आल्यावर आप्पा आमच्याकडे आले होते. चहा घेतला नाही. नुसते म्हणाले, "त्याला भिंतीकडनं हिकडं वळवायचा, बाई. एवढं एकच काम हाय आता मला."

तेव्हा कॉम्प्युटर हातात पडल्यावर त्यांचा बेत मला लगेच कळला. "टीव्हीवर निस्त्या बातम्या आन भांडणं. दादाला पायजे ते, पायजे तवा दावता आलं पायजे. इरफानभाई म्हणतोय, जुन्या कॉम्प्युटरात सगळं भरायचं आन त्यो टीव्हीला जोडायचा. घरचं थेटर!"

इरफानभाईंचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान बाजारात आहे. "मशिनीचा मालक सोबत पायजे," असं म्हणून आप्पांनी मलाही स्कूटरवर घेतलं. पुढे त्यांच्या दोन पायांत डबा, मागे मी, माझ्या मांडीवर कीबोर्ड, आणि त्याची वायर वाऱ्यावर. रस्त्यात माझे दोन जुने विद्यार्थी भेटले. त्यांनी नमस्कार केला आणि बराच वेळ बघत राहिले.

इरफानभाईंनी डब्याचं झाकण काढलं. आत धुळीची गोधडी अंथरलेली होती आणि तिच्यावर पालीची अंडी.

"क्वार्टर अलॉट झालता म्हणायचा तिला," आप्पा म्हणाले.

इरफानभाई हसले, त्यांनी ब्रशने सगळं झाडून काढलं आणि मग डॉक्टरांसारखे गंभीर झाले. "आप्पा, आताची नवी सिस्टीम ह्याला झेपायची न्हाई. एक हलकी फुकटातली सिस्टीम हाय, ती टाकतो. आन नवी डिस्क बसवतो. ह्याला दुसरं काय काम लावू नका बरं का. निस्तं पिक्चर दावायचं, गाणी वाजवायची. तेवढं मजेत करंल."

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा असा उजळला होता की बघत राहावं. "म्हंजे लाईट ड्यूटी!"

इरफानभाईंनी आतला छोटा पंखा सोडवला. त्याच्याखालच्या चौकोनी तुकड्यावर मलमासारखं काहीतरी वाळून गेलं होतं. ते खरवडून त्यांनी ताजा पांढरा मलम काढला आणि बोटाने अलगद पसरला.

"हे काय वो?"

"हे नसलं की ह्याचं डोकं तापतंय. तापलं की अडतोय."

"आसं म्हणा की. खांदमळणी."

इरफानभाईंचे वडील बैलगाडीची चाकं करायचे, त्यामुळे त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही. "व्हय आप्पा, खांदमळणीच. निस्ती हळद न्हाई हिच्यात."

आमच्या भागात बेंदूर हा बैलांचा सण. त्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्यांना हळद आणि तूप चोळतात. वर्षभर जिथे जू घासतं, कातडी जिथे जाड आणि काळी होते, नेमकं तिथे. तिला खांदमळणी म्हणतात. ट्रॅक्टर आला आणि दादांच्या गोठ्यातली शेवटची जोडी म्हातारी होऊन गेली, तेव्हापासून त्या घरात खांदमळणी झाली नव्हती. परत येताना आप्पा स्कूटरवर हे सगळं मला सांगत होते. बैलांची नावंही त्यांनी सांगितली, पण वाऱ्यात ती मला ऐकू आली नाहीत.

संध्याकाळी घरचं थेटर उभं राहिलं. डबा स्टुलावर, त्याची एक वायर टीव्हीत, आवाजाची दुसरी वायर जुन्या स्पीकरच्या जोडीत. स्पीकरही लाईट ड्यूटीवरचेच. मी म्हटलं, दादा भिंतीकडे बघतात ना, मग टीव्ही त्याच भिंतीवर लावा. आप्पांना ते पटलं. ड्रिल आलं, खिळे ठोकले, टीव्ही लागला. दादांनी सगळं शांतपणे होऊ दिलं, आणि मग डाव्या हाताने खाटेची कड धरून कूस बदलली आणि समोरच्या भिंतीकडे तोंड केलं.

मग सुरू झाली मनधरणी. आप्पांनी कीर्तन लावलं, दादांनी डोळे मिटले. आप्पांनी सांगलीकडच्या मैदानांतल्या कुस्त्या लावल्या. तरुणपणी दादा कुस्ती बघायला सायकलवरून तिकडे जायचे म्हणे. दादांनी चादर डोक्यावरून घेतली. आप्पांनी जुना मारामारीचा सिनेमा लावला. त्यात नायकाने गच्चीवरून उडी मारली आणि नेमका तेव्हाच कॉम्प्युटर अडला. नायक हवेतच. आप्पा टीव्हीसमोर उभे राहून हुकूम सोडत होते, "नीचे उतरो! तुरंत उतरो!" मी हसले, खिडकीतून वॉचमन हसला. दादांच्या पाठीवर साधी सुरकुतीही हलली नाही.

त्या दिवशी आप्पांनी टीव्ही बंद केला आणि बराच वेळ रिमोट हातात धरून बसले. दादांनी दुपारचा भात खाल्लाच नव्हता.

गावचं रान आप्पांनी चुलतभावाला वाट्याने लावून दिलं होतं. तरी कॅनॉलच्या पाण्याची पाळी आली की आप्पा स्वतः जायचे. उन्हाळ्याच्या सुरुवातीला अशीच पाळी आली. आप्पांच्या मनात काय आलं कोण जाणे, त्यांनी बांधावर एक बांबू रोवला, त्याला मोबाईल बांधला आणि पाणी धरलं ते सगळं चित्रित करून आणलं. "ऊस तरी बगू दे त्याला," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्याकडे गवारीची भाजी द्यायला गेले होते. आप्पांनी चित्र लावलं. आधी नुसतं आभाळ, मग आप्पांचा अंगठा, मग सगळं स्थिरावलं. उसाच्या दोन ओळींमधली कोरडी सरी आणि तिच्यावर दुपारचं ऊन. कुठून तरी पारव्याचा आवाज येत होता. बराच वेळ काही झालं नाही. मग सरीच्या तोंडाशी पाणी आलं. तांबूस, पुढे फेसाची झालर, आणि फेसावर उसाचं एक वाळकं पान. ते पान थांबत, अडखळत, ढेकळाला वळसा घालून पुढे सरकायचं, आणि त्याच्यामागे भिजलेल्या मातीचा रंग गडद होत यायचा. स्पीकरमधून पाण्याचा आवाज येत होता, तहानलेली जमीन पाणी पिते तेव्हा येतो तो. खोलीत उकडत होतं, तरी माझ्या पायांना गार वाटलं.

मी सहज खाटेकडे पाहिलं. दादांनी कूस बदलली होती.

आप्पांचं तिकडे लक्ष नव्हतं, ते स्वयंपाकघरातून चहा घेऊन येत होते. पडद्यावर, मोबाईल चालू आहे की नाही ते बघायला, चित्रातले आप्पा पुढे आले. त्यांचं नाक मोठं मोठं होत गेलं, मिशीने अर्धा पडदा भरला, आणि त्यांच्या कानामागे, लांब, सरीतलं पाणी वर वर चढायला लागलं.

"मोड!"

मी दचकले. आवाज फाटका होता, पण हुकमी होता.

"दारं मोड की मुडद्या! वरंबा चालला!"

पाणी देताना सरी भरली की तिचं तोंड मातीने बंद करायचं आणि पुढच्या सरीचं उघडायचं, याला दारं मोडणं म्हणतात. क्षणभर उशीर झाला की पाणी वरंब्यावरून, म्हणजे सरीकाठच्या मातीच्या बांधावरून, उतू जातं आणि माती घेऊन जातं. पडद्यावरचे आप्पा मोबाईलची काच बनियनने पुसत होते. खोलीतले आप्पा हातात चहा घेऊन ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "मोडतो, दादा!"

"कवा मोडतोस? गेलं! गेलं सगळं! आरं ए बंदूकवाल्या, खोरं धर नीट, रायफल न्हवं ती!"

खोरं म्हणजे आमच्याकडचं फावडं. पडद्यावरच्या आप्पांनी एव्हाना धावत जाऊन ते उलट्या बाजूने धरलं होतं.

आप्पांच्या हातातला चहा बशीत सांडला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मिशा हसत होत्या. "बाई, शिवी दिली! मला शिवी दिली त्यानं!" त्याच पावली ते बाजारात गेले आणि पेढे घेऊन आले. इमारतीतल्या प्रत्येक दारावर पेढा वाटला. कशाबद्दल म्हणून विचारलं की सांगायचे, "दादानं शिवी दिली." लोक पेढा हातात घेऊन नुसते उभे राहायचे.

त्यानंतर तो उन्हाळा आमच्या इमारतीत पाण्याचा उन्हाळा झाला. पाळी काही रोज येत नाही, पण आली की आप्पा बांबू घेऊन जायचे, आणि मधल्या दिवसांत जुनंच चित्र लागायचं. दुपारची जेवणं झाली की आप्पांच्या खोलीची खिडकी लोटून घ्यायचे, पंखा मोठा करायचे, आणि ओलसर अंधारात ती सरी भरू लागायची. पहिल्या मजल्यावरच्या आजी जपमाळ घेऊन यायच्या. आमचे हे झोपायला घरी जातो म्हणायचे आणि तिथेच खुर्चीत बसून राहायचे. चित्रात गोष्ट नव्हती, गाणं नव्हतं. बगळे पाण्यामागून चालायचे, किडा दिसला की मान खाली घालायचे. उसाची पाती एकमेकांवर घासायची. सावली हळूहळू बांधावर चढायची. पण ती सरी शेवटापर्यंत भरेपर्यंत कुणाला उठवत नसे. मध्येच कुणीतरी कुजबुजायचं, "पोचलं का?" आणि दुसरं कुणीतरी तितक्याच हळू म्हणायचं, "थोडं राहिलंय." अर्धवट झोपेत मला कधी कधी वाटायचं की आपण सगळे त्या बांधावरच बसलो आहोत आणि घरी परतायची कुणालाच घाई नाही.

कॉम्प्युटर अडायचा, नाही असं नाही. पाणी सरीच्या मध्यात गोठायचं आणि बगळा एका पायावर राहायचा. आप्पा हिंदीत दरडावायचे. मग त्यांनी डब्यामागे गोणपाट ओलं करून टांगलं, तेव्हापासून त्याचं डोकं कमी तापायला लागलं. इरफानभाईंनी मात्र ते बघून दोन्ही कानांवर हात ठेवले.

आणि दादा. दादांना आम्ही उशांना टेकवून बसवायला लागलो. त्यांचा डावा हात हुकूम द्यायचा. "दाब माती. आजून. पाय दे वर." कोणती चूक कुठे होणार हे पाठ झालं तरी ते त्याच जोराने ओरडायचे. रानात पाणी शेवटापर्यंत पोचल्याशिवाय त्यांनी कधी भाकरी सोडली नव्हती. इथेही तोच नियम लागू झाला. पाणी पोचलं की ताट मागायचे. आता भात नको, भाकरी. मग भाकरीबरोबर ठेचा. डॉक्टरांनी ठेचा बंद करायला सांगितला, तेव्हा त्यांनी डॉक्टरांनाही शिवी दिली. आप्पांनी डॉक्टरांना पेढे नेऊन दिले.

एकच गोष्ट माझ्या मास्तरीण मनाला खटकायची. आप्पा सुधारत नव्हते. दर पाळीला नवी चूक. कधी सरीचं तोंड बंद करायला विसरायचे, कधी खोरं पलीकडच्या बांधावर ठेवून यायचे, कधी चिखलात चप्पल रुतवून तिच्याशीच झटत बसायचे आणि मागे वरंबा फुटायचा. मी एकदा म्हटलंच, "आप्पा, इतक्या पाळ्या झाल्या, अजून जमत नाही?"

"फौजी मानूस, बाई. आमाला ह्यातलं काय कळतंय?"

उन्हाळा सरता सरता त्यांच्याच गावात माझ्या एका मैत्रिणीच्या घराची वास्तुशांत होती. जेवून परत येताना कॅनॉलच्या रस्त्याला आप्पांची स्कूटर दिसली. मी रिक्षा थांबवली आणि बांधाने आत गेले. आपल्या नेहमीच्या चित्रातली जागा स्वतःच्या डोळ्यांनी बघावी, एवढंच मनात होतं.

उसाच्या पलीकडे आप्पा पाणी धरत होते. अनवाणी, पोटऱ्यांपर्यंत चिखल. बांबू बांधावर आडवा पडला होता आणि मोबाईल त्यांच्या टोपीखाली झाकून ठेवला होता. सरी काठोकाठ आली की ते खोऱ्याचा एकच घाव घालायचे, माती उचलून मागच्या तोंडावर ठेवायचे, पायाने दाबायचे, आणि पाणी पुढच्या सरीत वळायचं. आपल्या घरातल्या बाया बोलता बोलता तव्यावरची भाकरी उलटतात तसं. एक थेंब वरंब्यावरून गेला नाही. बगळे त्यांच्या इतक्या जवळून चालत होते की जणू ते त्यांच्यातलेच एक. मी उसाच्या सावलीत उभी राहून बघतच राहिले.

सगळं रान भिजलं, शेवटची सरी तेवढी राहिली. मग आप्पांनी हात धुतले, पुसले, बांबू रोवला, मोबाईल लावला. आणि पाण्याकडे पाठ करून उभे राहिले. नुसते उभे. पाणी चढलं, वरंब्याला लागलं, वरंबा फुटला. मग आप्पा हात वर करून धावले, घसरले, चिखलात बसले, उठले, पुन्हा बसले. नंतर शांतपणे जाऊन मोबाईल बंद केला आणि फुटलेला वरंबा हाताने बांधायला घेतला. मान वर केली तेव्हा मी दिसले.

"कवा आला, बाई?"

"मघाशीच."

त्यांनी खोऱ्यावरचा चिखल बोटाने काढला. पुन्हा काढला. "दादाला सांगू नका."

"तुम्हाला तर सगळं येतंय, आप्पा."

"न यायला काय झालं? ह्याच बांधावर त्यानंच शिकवलंय की." ते खाली बसले. "आवं, मी बरोबर केलं तर त्याला काय काम उरतंय? चार दिस बगंल, आन परत भिंतीकडं वळंल. सगळा जल्म काम केल्याला मानूस त्यो. मी चुकलो की त्याची ड्यूटी लागती."

पाणी फुटलेल्या जागेतून हळूहळू बाजूच्या वाळलेल्या पाचटात शिरत होतं.

"आन खरं सांगू का, बाई? मला ना बायकू, ना प्वार. फौजेत सायब वरडायचं, ते बी संपलं. आता मला वरडणारं ह्यो एकच मानूस राह्यलाय. त्यो गप झाला की मी कुणाचा न्हाई."

एवढं बोलून ते उठले आणि वरंबा बांधू लागले. मी घरी येऊन ह्यांनासुद्धा काही सांगितलं नाही.

आषाढात बेंदूर आला. आदल्या दिवशी आप्पांनी जाहीर केलं की आज संध्याकाळी खांदमळणी. "घरात आता वडणारं जनावर हेच हाय," असं म्हणून त्यांनी कॉम्प्युटरचा डबा पुसून पाटावर ठेवला. त्याच्या दोन कोपऱ्यांना शिंगं समजून हिंगुळाचे पट्टे ओढले. वर बेगड चिकटवलं. इरफानभाई मुद्दाम दुकान लवकर बंद करून आले होते आणि पाटाजवळ पहारा देत बसले होते. "काय करायचं ते करा आप्पा, पण तूप आत जाऊ देऊ नका." आजी आल्या, आम्ही दोघं आलो. डबा सणासुदीलाही कामावर होता. टीव्हीवर नेहमीची सरी भरत होती आणि खोलीत पाण्याचा आवाज होता.

दादांना खुर्चीत बसवून पाटासमोर आणलं. आप्पांनी हळद-तुपाची वाटी त्यांच्या डाव्या हाताशी धरली. "दादा, मान तुजा."

दादांनी बोटं बुडवली. डब्याच्या एका कोपऱ्याला हात लावला आणि चोळू लागले, सावकाश, तळवा पसरून. पत्र्यावरून हात फिरत होता, पण त्या हाताला पत्रा लागत नसावा. डोळे अर्धे मिटले होते. मग दुसरा कोपरा. कुणी हसलं नाही. मी तर हसायच्याच तयारीने आले होते.

"फिर," दादा म्हणाले.

आप्पांनी लगबगीने डब्याचं तोंड फिरवलं.

"ते न्हवं. तू. तू फिर."

आप्पांना कळेना. ते तसेच उकिडवे बसून भावाकडे पाठ करून फिरले.

"बनेल काढ."

आप्पांनी बनियन काढली. त्यांच्या मानेवर आणि दंडांवर उन्हाने रापलेल्या कातडीच्या कडा दिसत होत्या. दादांनी वाटीत राहिलेली हळद आणि तूप बोटांनी निपटून घेतलं आणि तो डावा हात आप्पांच्या खांद्यावर ठेवला. डब्याला चोळलं होतं तसंच चोळू लागले. मानेपासून दंडापर्यंत, आणि परत.

"लय वडलंस, गड्या," ते म्हणाले. जड जिभेने एकेक शब्द सुटा येत होता. "मुद्दाम फोडतोस. आन बांदत बसतोस."

आप्पांची पाठ ताठ झाली. "न्हाई, दादा..."

"दर पाळीला मोबाईलच्या म्होरंच कसं फुटतंय रं पाणी?"

आप्पांनी मान खाली घातली. त्यांचे पिवळे झालेले खांदे हलायला लागले. दादांचा हात थांबला नाही, चोळतच राहिला. इरफानभाईंनी खिडकीकडे तोंड केलं. आजींनी डोळ्यांना पदर लावला.

टीव्हीवर पाणी वरंब्याला टेकलं होतं. दादांनी आप्पांच्या खांद्यावरून तिकडे पाहिलं, आणि हात तिथेच ठेवून ओरडले, "मोड की मुडद्या!"

"मोडतो, दादा," आप्पा म्हणाले.